चंद्रीचा माज, बारा समीकरणं आणि तिथीची पाऊणपट

सड्यावरचा | 13 सप्टेंबर, रात्री 10:40

मंडळी, धागा नक्की कुठल्या विभागात टाकावा कळेना. शेतीत टाकला तर गणितवाले येणार नाहीत, आणि गणितात टाकला तर गोठेवाले फिरकणार नाहीत. म्हणून इथेच टाकतोय.

पुण्यातली नोकरी सोडून राजापूर तालुक्यातल्या घरी आलो, त्याला हा तिसरा पावसाळा. आंबा, थोडे काजू आणि गोठ्यात सहा जनावरं. त्यातली चंद्री ही होल्स्टीन संकर, दुसऱ्या वेताची, मार्चमध्ये व्यायली. दोन्ही वेळचं मिळून 11 लिटर देते. आमच्या पेंढ्यावर एवढं म्हणजे पुष्कळच.

कालनिर्णयावर लाल पेनाने केलेल्या नोंदी अशा: 3 जुलैला माज (गाय फळायला तयार), भरवली, म्हणजे रेतन करून घेतलं. 24 जुलैला उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, परत भरवली. 13 ऑगस्टला पुन्हा तेच. सप्टेंबर उजाडल्यावर माज दिसलाच नाही. 5 तारखेला सकाळी धार काढायला बसलो तर शेपटीच्या केसांत रक्त सुकलेलं, आणि खाली चिकट धाग्यात लाल रेघ. घाबरलो. ज्यांना बोलावलं त्यांनी तपासलं नाहीच. "ही माजावर येत नाही, इंजेक्शन देतो, तीन दिवसांत येईल" म्हणाले आणि टोचून गेले. आठ दिवस झाले, चंद्री निवांत रवंथ करते आहे.

तेव्हापासून रात्री वाचत बसतो. बर्लिनच्या झुझे इन्स्टिट्यूटमधल्या गणितज्ञांनी नेदरलँड्समधल्या पशुशास्त्रज्ञांबरोबर 2011 मध्ये गाईच्या ऋतुचक्राचं अख्खं गणित मांडलंय. 12 डिफरन्शियल इक्वेशन्स, 54 स्थिरांक, आणि संगणकावर दर 21 दिवसांनी "माज" येत राहतो. माझा प्रश्न सरळ आहे. यातून चंद्रीचं काही कळेल का? की हे आपलं थंड देशातल्या लोकांचं हिवाळ्यातलं करमणुकीचं साधन?

पेजभात | 13 सप्टेंबर, रात्री 11:05

ओ, माजार इलेली गाय वळखूक बर्लिनवाल्यांका कित्याक विचारूक व्हया? आमची आजी वाड्यात पाय ठेवल्याबरोबर नुसत्या कानांकडे बघून सांगी.

सड्यावरचा | 13 सप्टेंबर, रात्री 11:09

आजींचा नंबर द्या, बर्लिनचा नाद सोडतो.

पेजभात | 13 सप्टेंबर, रात्री 11:12

आजी वरती गेली. आता तुमका बर्लिनच बरा.

कर्ण_वर्ग | 14 सप्टेंबर, सकाळी 7:30

मी गणित शिकवतो. गाईबद्दलचं माझं ज्ञान चहाच्या कपापलीकडे जात नाही, त्यामुळे गणिताच्या बाजूने बोलतो.

"डिफरन्शियल इक्वेशन" या नावाला बिचकू नका. आपली विहीर डोळ्यांसमोर आणा. आजच्या पातळीत आज झऱ्यातून आलेलं पाणी मिळवायचं, आज उपसलेलं आणि झिरपलेलं वजा करायचं, की उद्याची पातळी मिळते. एक समीकरण म्हणजे एक विहीर. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन ही एक विहीर, इस्ट्रॅडिऑल दुसरी, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत साठलेलं एलएच (बीज सोडवणारं हार्मोन) तिसरी, रक्तात उतरलेलं एलएच चौथी. गंमत अशी की एका विहिरीची पातळी दुसरीचा पंप चालू करते आणि तिसरीचा बंद करते.

पंप चालू-बंद होतो कसा, हा या मॉडेलचा कळीचा भाग. त्यासाठी हिल फंक्शन वापरलंय. हिल म्हणजे टेकडी नव्हे, ए. व्ही. हिल हे शास्त्रज्ञ. हिमोग्लोबिन ऑक्सिजन कसा धरतं हे सांगायला त्यांनी 1910 मध्ये हे सूत्र काढलं. पातळीचा एक उंबरठा ठरवायचा. पातळी भागिले उंबरठा, त्याचा अमुक घात करायचा, आणि त्या संख्येला "एक अधिक तीच संख्या" याने भागायचं. घात 2 असेल तर उंबरठ्याच्या निम्म्या पातळीला उत्तर 0.2 येतं आणि दीडपट पातळीला 0.69. म्हणजे पंप हळूहळू जोर धरतो. घात 10 केला तर तीच उत्तरं 0.001 आणि 0.98 होतात. उंबरठ्याअलीकडे पंप ठप्प, पलीकडे धो धो.

बारा विहिरी आणि असे चढ-उतरते पंप. बाहेरून कोणी हात लावत नाही, तरी पातळ्या 21 दिवसांनी मूळ जागी येतात. मला स्वतःला हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

खाडीपलीकडचा_डॉक्टर | 14 सप्टेंबर, दुपारी 1:50

पशुवैद्य आहे, रत्नागिरी जिल्ह्यातच. जेवायला बसता बसता लिहितोय.

कर्ण_वर्ग सरांच्या विहिरींना नावं देतो. माजाचा दिवस शून्य धरा. बीज सुटल्यावर अंडाशयात त्या जागी पीतपिंड तयार होतो आणि प्रोजेस्टेरॉन करायला लागतो. ते वाढलं की मेंदूकडून येणारे एलएचचे ठोके मंदावतात. दरम्यान एफएसएच हे दुसरं हार्मोन थोडं वर येतं, तेवढ्यावर बारक्या फॉलिकल्सचा (बीज वाढवणाऱ्या फोडांचा) एक घोळका उठतो. त्यातला एक दांडगा पुढे जातो, इस्ट्रॅडिऑल आणि इनहिबिन सोडून एफएसएच खाली ओढतो, बाकीची भावंडं उपाशी मरतात. पण एलएचचे ठोके मंद असल्यामुळे हा दांडगासुद्धा पिकत नाही, विरून जातो. तो विरला की एफएसएच परत वर, नवी लाट.

सोळा-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडतं आणि पीतपिंड वितळतो. प्रोजेस्टेरॉन कोसळतं, एलएचचे ठोके तासाला एक इतके जलद होतात, आणि त्या वेळी जो दांडगा हजर असेल तो पिकतो. त्याचं इस्ट्रॅडिऑल उंबरठा ओलांडतं तेव्हा गाय हंबरते, आणि एलएचचा एकच मोठा लोंढा सुटतो. हाच सरांचा धो धो पंप. तिथून साधारण 28 तासांनी बीज सुटतं.

या लाटांचा अंदाज राजाकोस्की यांनी 1960 मध्ये कत्तलखान्यातली अंडाशयं तपासून बांधला होता. जिवंत गाईत रोजच्या रोज बघता यायला 1980 च्या दशकातली सोनोग्राफी यावी लागली. काही गाईंच्या चक्रात दोन लाटा असतात, काहींच्या तीन. दोनवालीचं चक्र 20 दिवसांच्या आसपास, तीनवालीचं 22-23.

आता चंद्री. माजानंतर एक ते तीन दिवसांत दिसणारं रक्त हा आजार नाही. इस्ट्रॅडिऑल उतरलं की गर्भाशयाच्या आतल्या बारीक केशवाहिन्या फुटतात, तेवढंच. रक्त दिसलं म्हणून गाय गाभण राहणार नाही असंही नसतं. त्याचा अर्थ एकच, दोन दिवसांपूर्वी ती माजावर होती आणि आपण झोपलो होतो. 13 ऑगस्ट अधिक 21 म्हणजे 3 सप्टेंबर. रक्त 5 तारखेला. बरोब्बर बसतंय.

इंजेक्शन कुठलं होतं? बाटली ठेवली आहे का?

सड्यावरचा | 14 सप्टेंबर, दुपारी 2:20

गोठ्याच्या वळचणीला टाकलेली सापडली. क्लोप्रोस्टेनॉल.

खाडीपलीकडचा_डॉक्टर | 14 सप्टेंबर, दुपारी 2:31

म्हणजे प्रोस्टाग्लँडिनचीच नक्कल. ते पीतपिंड वितळवतं. चक्राच्या दुसऱ्या दिवशी पीतपिंड जेमतेम जन्माला आलेला असतो आणि पाचव्या दिवसापर्यंत तो या औषधाला दाद देत नाही. जे घर अजून बांधलंच नाही ते पाडायला गवंडी बोलावला होता तुम्ही. औषध वाईट नव्हतं, दिवस चुकला.

आणखी एक, हे सगळ्यांसाठी. गाभण गाईला हेच इंजेक्शन दिलं तर ती गाभडते. तपासल्याशिवाय कोणालाही टोचू देऊ नका. घरात गरोदर बाई किंवा दम्याचं माणूस असेल तर त्यांनी बाटलीला हातही लावू नये, हे औषध त्वचेतून आत जातं.

उधाण | 14 सप्टेंबर, सायंकाळी 6:15

डॉक्टरसाहेब, नमस्कार. पण हे सगळं तुम्ही मॉडेलशिवायच सांगितलंत की! मग त्या 54 स्थिरांकांचं लोणचं घालायचं का? 54 खुंट्या पिळायला मिळाल्या तर मी तंबोऱ्यातून मालगाडीचा आवाजसुद्धा काढून दाखवीन.

आमच्याकडे दर्यावर्दी लोक भरतीची वेळ तोंडी काढतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती. एकादशीला सव्वाआठ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. स्थिरांक एक, अनुभव पिढ्यांचा.

कर्ण_वर्ग | 14 सप्टेंबर, रात्री 9:00

उधाण, मस्त उदाहरण दिलंत. आता तुमच्याच होडीत बसून तुमच्याशी भांडतो.

पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणजे तिथीला 48 मिनिटं. पाऊण तास म्हणजे 45. खरा गुणक चार पंचमांश हवा. पौर्णिमेला तुमची पाऊणपट सव्वाअकरा सांगते आणि हिशेब बारा. पूर्वजांनी तिथीमागे तीन मिनिटांची चूक बहुधा मुद्दाम पत्करली, कारण पाऊणकीचा पाढा सगळ्यांना पाठ होता. मॉडेल म्हणतात ते याहून वेगळं काही नसतं. कुठली चूक चालेल हे ठरवून केलेला हिशेब.

पण भरती आणि माज यांत एक मोठा फरक आहे. समुद्र स्वतःहून हलत नाही, त्याला चंद्र-सूर्य हलवतात. म्हणून भरतीची तिथी छापील पंचांगात मिळते आणि सगळ्या किनाऱ्याला एकच लागू पडते. गाय आतूनच फिरते. तुमच्या गोठ्यातल्या सहा गाईंच्या सहा तिथी. समीकरणं फक्त चाल सांगतात, आज कुठली तिथी आहे हे सांगत नाहीत. ते गाईलाच विचारावं लागतं.

54 स्थिरांकांचा तुमचा आक्षेप मात्र मान्य. त्यातले काही मोजमापांवरून घेतलेले, बरेचसे आलेख जुळेपर्यंत बसवलेले. ते बसवले आहेत एका सरासरी गाईवर, आणि ती गाय कोकणातली नाही. तरी उपयोग आहे. त्याच लोकांनी नंतर मोजक्या स्थिरांकांना धक्का देऊन बघितलं, तर तीन लाटांच्या चक्राचं दोन लाटांचं झालं. कुठल्या खुंटीने कुठली तार हलते हे खऱ्या गाईवर करून बघायला किती गाई आणि किती वर्षं लागतील, विचार करा.

सड्यावरचा | 14 सप्टेंबर, रात्री 9:40

"आज कुठली तिथी" हे वाचून लख्ख प्रकाश पडला. म्हणजे ते रक्त हीच माझी तिथी. 5 सप्टेंबर म्हणजे चंद्रीची द्वितीया. आज एकादशी. (आणि इंजेक्शन दिलं द्वितीयेलाच.)

खाडीपलीकडचा_डॉक्टर | 15 सप्टेंबर, सकाळी 6:50

अगदी. आणि तुमच्या नोंदींत अजून एक गोष्ट लपली आहे. दोन माजांतलं अंतर 21 आणि 20 दिवस. गर्भ राहून नंतर मेला असता तर अंतर लांबलं असतं, कारण पंधराव्या दिवसानंतर गर्भ एक प्रथिन सोडून गर्भाशयाला प्रोस्टाग्लँडिन सोडण्यापासून थांबवतो. म्हणजे एक तर फळलीच नाही, किंवा गर्भ फार लवकर गेला.

फळली का नसेल? रेतन कधी झालं, माज पहिल्यांदा दिसल्यापासून किती तासांनी?

सड्यावरचा | 15 सप्टेंबर, सकाळी 7:15

सांगायला लाज वाटते. सकाळी सहाला धारेच्या वेळी दिसायचा. फोन लावायचो. पाऊस, रस्ता, त्यांच्या बाकी फेऱ्या. तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली.

खाडीपलीकडचा_डॉक्टर | 15 सप्टेंबर, सकाळी 7:40

घ्या, हिशेब करा. सकाळी सहाला दिसला म्हणजे बहुधा रात्री एकच्या सुमारास सुरू झाला असेल, गाई रात्रीच जास्त माज दाखवतात. तिथून 28 तास म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बीज सुटलं. बीज धडधाकट राहतं सहा ते बारा तास. शुक्रजंतूंना आत पोचून तयार व्हायलाच सहा तास हवेत. दुपारी बाराला भरवली तर ते पोचले सायंकाळी सहाला, बीज तेरा तासांचं म्हातारं. उणे 196 अंशांच्या नायट्रोजनमधून आलेली वीर्याची उत्तम कांडी असली तरी काय करणार ती? सकाळी दिसला तर त्याच सायंकाळी, सायंकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. हा नियम 1940 च्या दशकापासून आहे आणि अजून मोडीत निघालेला नाही.

माजघर | 15 सप्टेंबर, दुपारी 3:30

(आयडी घेताना कोटी सुचली नव्हती, आता या धाग्यावर सगळे हसणार.)

गुहागरकडची. आमच्या चार गाई, सासूबाई आणि मी बघतो. दादा, तुमची चंद्री एकटी बांधलेली असते का हो? आमची मोठी संकर गाय पावसाळ्यात सड्यावर सोडली की लगेच कळते. दुसरी गाय अंगावर चढली आणि ही हलली नाही की झालं. तीच गोठ्यात दावणीला असली की ठार मुकी. तिच्यावर चढणार कोण, खांब? मी रात्री साडेदहाला आणि पहाटे पाचला एक चक्कर मारते, विजेरी घेऊन. शेपटीखालच्या जमिनीवर बघायचं. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबत असेल किंवा शेणावर चकाकी असेल तर सोट टाकला. त्या दिवशी दूधही लिटरभर कमी येतं.

उधाण | 15 सप्टेंबर, सायंकाळी 5:50

आपल्या हवेचं काय? 30 अंश तापमान आणि 85 टक्के दमटपणा धरून तो उष्मा-आर्द्रता निर्देशांक काढला, जवळपास 84 आला. दुभत्या विलायती रक्ताला 72 च्या पुढे त्रास सुरू होतो म्हणतात. बर्लिनच्या समीकरणांत घाम आहे का?

खाडीपलीकडचा_डॉक्टर | 15 सप्टेंबर, रात्री 8:20

मूळ बारांत नाही. पण माज आखूड आणि मुका होण्यामागे उष्मा आहेच. शिवाय खाणं. जास्त दुधाच्या गाई एवढं खातात की यकृतातून रक्त जोरात फिरतं आणि हार्मोन्सचा निचरा लवकर होतो. सरांच्या भाषेत विहीर झिरपते. तिकडची ही अडचण. आपल्याकडे उलटं आहे. नुसता भाताचा पेंढा, त्यात ना प्रथिनं ना फॉस्फरस, आणि जांभ्या मातीतल्या गवतातही फॉस्फरस कमीच. गाय स्वतःच्या अंगावरचं मांस दुधात घालवते, मेंदू एलएचचे ठोके रोखून धरतो, दांडगा पिकतच नाही. तिथे इंजेक्शन नको, खनिज मिश्रण आणि पेंड हवी. कोकण कपिला या लहान अंगाच्या गाईचं पेंढ्यावर भागतं, संकर गाईचं भागत नाही. चंद्री नियमित फिरतेय, तिचा हा प्रश्न दिसत नाही.

आज बारावा दिवस. आता इंजेक्शन दिलं तर पीतपिंड वितळेल, दोन ते पाच दिवसांत माज येईल. नेमका कधी, ते त्या वेळी दांडगा किती मोठा आहे यावर. माझा सल्ला, थांबा. फिरतंय ते चक्र फिरू द्या, चक्कर तेवढी रात्रीची मारा.

सड्यावरचा | 16 सप्टेंबर, रात्री 11:55

थांबतो. तोवर कर्ण_वर्ग सरांच्या विहिरींची एक्सेल केली. बारा नाही जमल्या, चारच आहेत: पीतपिंड, प्रोजेस्टेरॉन, दांडगा, इस्ट्रॅडिऑल. एक ओळ म्हणजे सहा तास. पहिल्या तीन रात्री इस्ट्रॅडिऑल उणे दोनशेवर जात होतं, गाय कुठल्या लोकी गेली देव जाणे. निचऱ्याचा आकडा चौपट पडला होता. तो दुरुस्त केल्यावर 22 दिवसांचं चक्र आलं. मग खेळलो. दुसऱ्या दिवसाच्या ओळीत इंजेक्शन टाकलं: आलेख ढिम्म. बाराव्या दिवशी टाकलं: प्रोजेस्टेरॉनची रेघ कड्यावरून खाली, तीन दिवसांनी माज. माहीत होतं तरी अंगावर काटा आला.

कर्ण_वर्ग | 17 सप्टेंबर, सकाळी 7:10

पाचव्या दिवसापर्यंत औषध लागू पडत नाही हे तुम्हीच सूत्रात लिहिलंत ना? मग आलेख ढिम्म राहणारच. आपण घातलेलंच बाहेर आलं, त्याला शोध म्हणू नका. मात्र "तीन दिवसांनी" हे तुम्ही लिहिलं नव्हतं. ते विहिरींनी आपापसात ठरवलं. लक्ष तिथे द्या.

सड्यावरचा | 25 सप्टेंबर, सकाळी 9:20

अपडेट. 23 तारखेला रात्री साडेअकराला चक्कर मारली. दोन दिवसांपासून कालवड मुद्दाम चंद्रीशेजारी मोकळी सोडली होती. ती चंद्रीच्या पाठीवर दोन्ही पाय टाकून उभी, आणि चंद्री दगडासारखी स्थिर, तोंडातला घास तसाच. खाली सोटाची तार, विजेरीत काचेसारखी चमकत होती. विसावा दिवस. पहाटे फोन लावला, या वेळी दुसऱ्या केंद्रावर. दुपारी तीनला भरवली, म्हणजे दिसल्यापासून साडेपंधरा तास.

माजघर | 25 सप्टेंबर, सकाळी 9:45

दूध?

सड्यावरचा | 25 सप्टेंबर, सकाळी 9:47

9 लिटर. बरोबर बोलला होतात, ताई.

सड्यावरचा | 18 ऑक्टोबर, रात्री 10:10

आज चोविसावा दिवस. गेले आठ दिवस रात्री-पहाटे दोन चकरा, कालवड शेजारी, जमीन कोरडी, शेपटीला रक्त नाही, दूध जैसे थे. एक्सेलमध्ये गर्भाशयाच्या प्रोस्टाग्लँडिनची ओळ शून्य केली की प्रोजेस्टेरॉनची रेघ अशीच वर आडवी चालत राहते. पण मुका माज असला तरी मला असंच दिसणार, हे कळतंय.

पेजभात | 18 ऑक्टोबर, रात्री 10:25

गाभण असली तर खरवस कधी? तेवढा गणित करून सांगा, बाकीचा नको.

कर्ण_वर्ग | 18 ऑक्टोबर, रात्री 10:31

24 सप्टेंबर अधिक 280. 1 जुलै, आठवडा इकडे-तिकडे.

खाडीपलीकडचा_डॉक्टर | 19 ऑक्टोबर, सकाळी 6:40

खरवसाची भांडी इतक्यात घासू नका. 24 नोव्हेंबरनंतर हात घालून बघतो. त्या बाजूला फेरी असली की आदल्या दिवशी इथेच कळवतो, चंद्रीला सकाळी चरायला सोडू नका.